पडदा आणि पेटी : 'स्कूल ऑफ रॉक'बद्दल तुम्ही विचारलंत

मागच्या अंकात मी 'स्कूल ऑफ रॉक' हा 2003 चा अमेरिकन सिनेमा मुलांसोबत बघा, असं सुचवलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, म्हणून हे सदर या वेळी त्या एकाच सिनेमाला दिलंय. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. ड्यूई फिन नावाचा गिटारवाला. त्यानेच उभ्या केलेल्या बँडमधून त्याला हाकललंय, घरभाडं थकलंय. ज्याच्या घरी तो राहतो तो मित्र बदली शिक्षक आहे. त्या मित्रासाठी एका महागड्या खासगी शाळेतून फोन येतो. ड्यूई मित्राचं नाव घेऊन स्वतःच शाळेत जाऊन उभा राहतो. वर्गातली दहा-अकरा वर्षांची मुलं उत्तम वाजवतात हे त्याच्या लक्षात येतं आणि बँडच्या एका स्पर्धेत उतरण्यासाठी तो अख्ख्या वर्गाचा रॉक बँड करतो. लेखन माइक व्हाइट यांचं, दिग्दर्शन रिचर्ड लिंकलेटर यांचं, आणि ड्यूई झालाय जॅक ब्लॅक.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. सिनेमाला अमेरिकेत पीजी-13 प्रमाणपत्र आहे असं वाचलं. तुम्ही तर सहकुटुंब बघा म्हणता! काय समजायचं? (एक बाबा, नाशिक)

प्रमाणपत्राचं तुम्ही बरोबर वाचलंय. तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांनी सावध राहावं, असा त्याचा अर्थ. मारामारी, रक्त असलं काही यात नाही. चावट बोलणं थोडं आहे आणि नशेचे उल्लेख आहेत. पहिल्याच दिवशी हा गुरुजी आदल्या रात्रीच्या दारूने डोकं धरून वर्गात बसलेला दिसतो आणि मुलांना तसं सांगतोही. तेवढ्यासाठी मी सिनेमा नाकारणार नाही. नऊ वर्षांच्या मुलीला एकटीला मात्र लावून देऊ नका, शेजारी बसा.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती खोटेपणाची गोष्ट. ड्यूई मुलांना सांगतो की हा शाळेचा गुप्त प्रकल्प आहे, घरी बोलायचं नाही. घरच्यांपासून लपवून ठेव असं सांगणाऱ्या मोठ्या माणसापासून सावध राहायचं, हे आपण मुलींना शिकवतो आणि शिकवायलाच हवं. स्पर्धेची निवड चाचणी संपलेली असते तेव्हा तर ही मुलं असाध्य आजाराने पिडलेली आहेत असं सांगून आयोजकांना गहिवर आणला जातो. प्रेक्षक हसतात, मीही हसते. पण सिनेमा संपल्यावर मुलीला विचारा, 'यात त्याचं काय चुकलं?' आमच्या शाळेतल्या मुलांनी याची उत्तरं फार नेमकी दिली. मुलांना ड्यूई आवडतो आणि तो खोटं बोलला हेही त्यांना कळतं, दोन्ही एकाच वेळी. आपल्याला वाटतं त्यापेक्षा त्यांची समज मोठी असते.

प्रश्न : प्रिय बाई, ती मुलं खरंच वाजवतात का? की मागून दुसऱ्या कुणीतरी वाजवलंय? (इयत्ता पाचवी, कोल्हापूर)

खरंच वाजवतात! तुझा प्रश्न वाचून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. सिनेमा करणाऱ्यांनी ठरवलं होतं की आधी वाजवणारी मुलं शोधायची, अभिनय नंतर बघू. गिटार वाजवणारा झॅक म्हणजे जोई गेडॉस, तो मुळात गिटारवालाच. कीबोर्डवरचा लॉरेन्स म्हणजे रॉबर्ट त्साय, तो पियानो शिकलेला. बास वाजवणारी केटी म्हणजे रिबेका ब्राउन, ती शास्त्रीय गिटार शिकलेली होती. ड्रमवर होता केविन क्लार्क. त्याने त्याआधी कुठेच अभिनय केला नव्हता आणि नंतरही तो ड्रमच वाजवत राहिला. 2021 च्या मे महिन्यात शिकागोमध्ये सायकलवरून जाताना गाडीची धडक बसून तो गेला. फक्त 32 वर्षांचा होता. तुला हे सांगू की नको असा विचार केला, पण तू खरं-खोटं विचारलं आहेस, तेव्हा खरं सगळंच सांगावं.

आता सिनेमा परत बघशील तेव्हा मुलांच्या चेहऱ्याकडे न बघता हातांकडे बघ. पट्टीवरची बोटं आणि कानावर पडणारा सूर यांचा मेळ बसतो. आपल्याकडच्या कितीतरी सिनेमांत नायक सतारीवर बोटं कुठेही फिरवतो आणि सूर भलतेच ऐकू येतात. एकदा ते डोळ्यांना टोचायला लागलं की मग गाणंच खोटं वाटतं.

प्रश्न : मुलगा चार वर्षं पेटी शिकतोय, प्रवेशिका पूर्ण या परीक्षेची तयारी चालू आहे. हा सिनेमा बघितल्यापासून इलेक्ट्रिक गिटारचा हट्ट धरून बसलाय. चार वर्षं फुकट जाणार का? (एक आई, सांगली)

ताई, अजिबात जाणार नाहीत. तुमचं उत्तर सिनेमातच आहे, आणि तो प्रसंग मला सगळ्यांत जास्त आवडतो.

ड्यूई पहिले काही तास काहीच शिकवत नाही, मुलांना नुसती सुट्टी देऊन टाकतो. मग मुलं संगीताच्या तासाला जातात आणि तो बाहेरून ऐकतो. आत मुलं होआकिन रोद्रिगोची गिटार आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना वाजवत असतात. 1939 ची स्पॅनिश रचना आहे, 'कोन्सिएर्तो दे आरान्हुएथ' नावाची. रोद्रिगो लहानपणीच अंध झालेले. जगभर गाजलेली फार करुण चाल आहे ती. ड्यूईचे डोळे चमकतात. मुलं वर्गात परत येईपर्यंत त्याने गाडीतून सगळी वाद्यं आणून मांडलेली असतात.

मग तो एकेकाला उठवतो. झॅक शास्त्रीय गिटार वाजवतो ना? मग ही इलेक्ट्रिक घे. लॉरेन्स पियानो वाजवतो? मग कीबोर्ड. केटी चेलो वाजवते, तर तिला सांगतो की तोच आडवा धर, बास गिटार झाली. अगदी काटेकोर बोलायचं तर चेलोच्या तारा षड्ज-पंचमाच्या अंतराने लावतात आणि बासच्या षड्ज-मध्यमाच्या, म्हणजे बोटं नव्याने बसवावी लागतात. पण तारा दोन्हीकडे चारच, आणि केटीच्या कानाला खर्जाची सवय आधीपासून आहे. मुलाला येतं काय, तिथून सुरुवात करायची. ते विसर आणि हे शिक, असं ड्यूई एकाही मुलाला म्हणत नाही.

तर तुमच्या मुलाकडे चार वर्षांचा कान आहे. तो वापरायला एक गंमत सांगते. याच प्रसंगात ड्यूई झॅकला गिटारवर तीन-चार प्रसिद्ध तुकडे वाजवायला लावतो. त्यातला एक डीप पर्पल या बँडच्या 'स्मोक ऑन द वॉटर'चा आहे. 1972 च्या अल्बममधलं गाणं. मुलाला पेटीवर बसवा आणि पांढरी पाच हा सा धरायला सांगा. मग सा, कोमल ग, म. परत सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म. परत सा, कोमल ग, म, आणि कोमल गवरून खाली सा. पट्ट्यांत सांगायचं तर पांढरी पाच, काळी पाच, वरची पांढरी एक. पांढरी पाच, काळी पाच, वरची काळी एक, वरची पांढरी एक. पांढरी पाच, काळी पाच, वरची पांढरी एक, काळी पाच, पांढरी पाच. बस्स, एवढंच. जगातल्या निम्म्या गिटारवाल्यांनी सुरुवात केली ती याच चार स्वरांवर.

मी हे आमच्या सातवीच्या वर्गात वाजवलं. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, 'बाई, दोन्ही मध्यम लागोपाठ आले.' ललित रागाची ओळख करून देताना मी दोन मध्यम शेजारी-शेजारी लावून दाखवले होते, ते त्याच्या कानात राहिले होते. ललित कुठे आणि हे गाणं कुठे, काही संबंध नाही. पण त्या पोराने जे पकडलं ते गिटारच्या क्लासला जाऊन पहिल्या महिन्यात कुणी पकडत नाही.

गिटार घेऊन द्या की नको, हे तुमच्या खिशावर आणि त्याच्या चिकाटीवर आहे. माझं मत विचाराल तर परीक्षा होऊ दे आणि मग आधी एखादी जुनी गिटार बघा. फक्त एक लक्षात ठेवा. पेटीवर डावा हात भात्यावर असतो, स्वर वाजवायची सवय एकट्या उजव्याला. गिटारवर डाव्या हाताची बोटं तारा दाबतात, तेव्हा सुरुवातीला बोटांची टोकं दुखतील आणि तो कंटाळेल. ते दिवस निभावून नेलेत की झालं.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. सिनेमात चार मुलं वाजवतात, बाकी वर्गाचं काय? माझ्या वर्गात तर वाजवणारं एकही मूल नाही. आमच्या उपयोगाचं यात काय आहे? (एक शिक्षक, लातूर)

सर, या प्रश्नासाठी तुम्हाला मनापासून नमस्कार. हा सिनेमा मी पुन:पुन्हा बघते तो या 'बाकी वर्गा'साठीच.

बँडची माणसं ठरल्यावर ड्यूई थांबत नाही. कुणाला प्रकाशयोजना देतो, कुणाला कपडेपट, कुणाला दारावरचा पहारा, कुणी मागे गाणाऱ्या. समर नावाची पहिल्या बाकावरची हुशार मुलगी आहे. भिंतीवरचा चांदण्यांचा तक्ता ड्यूई पहिल्याच दिवशी फाडतो, तेव्हा तिचा जीव कळवळतो, कारण त्यावर सगळ्यांत जास्त चांदण्या तिच्या. तिला तो आधी एक फालतू काम देतो. ती घरी जाऊन त्या कामाचा अर्थ शोधते आणि दुसऱ्या दिवशी त्याला खडसावते. मग तो तिला बँडची मॅनेजर करतो. पुढे ती पोरगी हिशोबापासून वेळापत्रकापर्यंत सगळं असं सांभाळते की ड्यूईच तिच्या ताब्यात. नियम पाळणाऱ्या मुलांची टर उडवणारे सिनेमे पुष्कळ आहेत. इथे नियम पाळणाऱ्या मुलीमुळे बँड उभा राहतो. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आमच्या वर्गात अशा मुली असतात आणि 'कलाकार' म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

टोमिकाचं तर सांगायलाच हवं. अबोल मुलगी. तिला सामान उचलायचं काम मिळालेलं असतं. ती ड्यूईकडे येऊन हळूच सांगते की मला गाता येतं. तो तिथल्या तिथे गायला लावतो आणि ती अरेथा फ्रँकलिनचं गाणं अशा आवाजात उचलते की वर्ग थक्क होतो. पुढे स्पर्धेच्या तोंडावर ती कच खाते. मी जाड आहे, लोक हसतील, म्हणते. ड्यूई तिला 'तू जाड नाहीस' असं खोटं सांगत नाही. तो म्हणतो की अरेथा फ्रँकलिन पण अंगाने भरलेलीच आहे, पण ती गायला लागली की सगळ्यांना ती हवी असते, आणि माझंही वजन जास्तच आहे की. मुलांच्या शरीराबद्दल शाळेत किती वाईट बोललं जातं ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. ड्यूई साऱ्या सिनेमाभर बढाया मारतो, आणि या मुलीशी मात्र सरळ बोलतो.

आता तुमच्या वर्गाचं. वाजवणारं मूल नाही असं तुम्ही म्हणता, पण बाकावर ठेका धरणारं एखादं असेलच. आमच्या शाळेत एक मुलगी होती, समूहगीतात सूर लागायचा नाही. पण तबला जरा उतरला की सगळ्यांत आधी तिला कळायचं, ती मान वर करायची. मी तिच्या हातात हातोडी दिली आणि गट्टे, म्हणजे तबल्याच्या बाजूचे लाकडी ठोकळे, कसे ठोकायचे ते दाखवलं. पहिल्यांदा तिने भीतभीत ठोकलं, काही फरक पडेना. मग गजऱ्यावर, म्हणजे तोंडाच्या विणलेल्या कडेवर, चारी बाजूंनी फिरत फिरत, एकेक ठोका आणि एकेक टकोरा, असं करत तिने तबला काळी दोनला आणला. तेव्हापासून गॅदरिंगला तबला लावायचा तो तिनेच. संगीताच्या तासाला ती आधी भिंतीला टेकून बसायची, नंतर पेटीच्या शेजारी बसायला लागली.

तुमच्याकडे लेझीम असेल, ढोलकी असेल, निदान पाण्याची पिंपं असतील. वाद्यं कमी असली तरी कामं कमी नसतात. मात्रा मोजणारा हवा, शब्द पाठ करून घेणारी हवी, माइकची वायर गुंडाळणारा हवा, 'तू मागच्या ओळीत बेसूर झालास' हे न घाबरता सांगणारी हवी. एक विनंती मात्र करते. संगीताचा तास गणिताला देऊ नका. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात तेव्हा सगळ्यांना संगीत आठवतं, पण पाचवी-सहावीत ते तास कोण खातं ते आपण सगळे जाणतो.

प्रश्न : मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. मुख्याध्यापिकेला अशा सिनेमांत नेहमी खलनायिका करतात, याचा त्रास होतो. इथेही तेच ना? (सातारा)

बाई, सुरुवातीला तसंच वाटतं. पण जोन क्युझॅकने केलेली ती रोझली मलिन्स पुन्हा एकदा बघा. ड्यूईला मुलांना सहलीच्या नावाखाली बाहेर न्यायचं असतं. तिची परवानगी मिळवायला तो तिला गप्पा मारायला बाहेर घेऊन जातो आणि ज्यूकबॉक्सवर स्टीवी निक्सचं 'एज ऑफ सेवन्टीन' लावतो. गाणं सुरू होतं आणि ती खुर्चीत बसल्या बसल्या गायला लागते, मान हलवते, डोळे मिटते. मग तिचं सगळं बाहेर येतं. मी अशी नव्हते, मला गमतीदार राहायचं होतं, पण मुलांच्या बाबतीत पालकांना गंमत चालत नाही. काही चुकलं की सगळे माझ्यावर येतात.

क्युझॅकने हे जराही रडकं केलेलं नाही, म्हणूनच ते आत लागतं. इतके दबाव एकटीने झेलणारी बाई कडक होते, ती काही हौसेने होत नाही. आमच्या मुख्याध्यापिकाबाई ऑफिसमध्ये एकट्या असल्या की नाट्यपदं गुणगुणतात, दार वाजलं की थांबतात. ते मी ऐकलंय आणि त्यांना कधी कळू दिलं नाही.

प्रश्न : लेड झेपेलिन हा रॉक बँड आपली गाणी सिनेमाला देत नाही असं ऐकलंय. मग यात त्यांचं गाणं कसं? (महाविद्यालयीन विद्यार्थी, ठाणे)

विनवणी करून. अंतिम स्पर्धेचं चित्रीकरण चालू असताना थिएटर प्रेक्षक-कलाकारांनी भरलेलं होतं. जॅक ब्लॅक स्टेजवर उभा राहिला, त्या सगळ्या गर्दीला सोबत घेऊन बँडला उद्देशून गाणं मागितलं आणि ते चित्रित करून पाठवलं. परवानगी मिळाली. गाणं आहे 1970 चं 'इमिग्रंट साँग', आणि ड्यूई व्हॅनमध्ये बेभान होऊन त्याच्याबरोबर किंचाळतो तिथे ते वाजतं. जॅक ब्लॅक स्वतः 'टिनेशियस डी' या बँडमध्ये गातो-वाजवतो, म्हणून त्याच्या अंगात ते वेड खरं दिसतं. माइक व्हाइट त्याचे शेजारी होते आणि त्यांनी ही भूमिका त्याच्यासाठीच लिहिली. मित्र नेडच्या भूमिकेत जो दबलेला माणूस दिसतो ते माइक व्हाइटच.

प्रश्न : ते हरतात तरी लोक त्यांच्याच नावाने का ओरडतात? मला खूप वाईट वाटलं. (इयत्ता चौथी, रत्नागिरी)

बक्षीस मिळालं त्या बँडला, ज्याने ड्यूईला काढून टाकलं होतं. मलाही पहिल्यांदा चुटपुट लागली होती. पण तू एक पाहिलंस का? स्पर्धेत मुलांनी कुणाचं गाणं म्हटलं? ड्यूईकडे स्वतःचं एक लांबलचक गाणं होतं, घरभाड्याच्या दंतकथेचं, ते त्याने वर्गात नाचून-बागडून म्हणून दाखवलं होतं. मग एक दिवस झॅक स्वतः केलेलं गाणं वाजवतो. ड्यूई ऐकतो आणि ठरवतो की आपण हेच करायचं. आयुष्यभर त्या स्पर्धेची वाट बघितलेला माणूस स्वतःचं गाणं खिशात ठेवतो! आणि झॅकचे बाबा, जे घरी त्याला गिटार वाजवू देत नाहीत, ते समोर उभे राहून त्याला ऐकतात. लोकांना ते सगळं स्टेजवरून पोचलं, म्हणून ते परत बोलावतात. पुढच्या वेळी बघशील तेव्हा झॅकच्या बाबांकडे लक्ष ठेव.

प्रश्न : ही खरी गोष्ट आहे का? आणि असे आणखी सिनेमे सुचवा. (पुणे)

ड्यूई काल्पनिक आहे. पण तशा जातीचा एक खरा शिक्षक कॅनडात होऊन गेला. हान्स फेंगर नावाच्या संगीत शिक्षकाने 1976-77 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या लँगली भागातल्या शाळांच्या मुलांकडून त्या काळची पॉप आणि रॉक गाणी गाऊन घेतली आणि शाळेच्या जिममध्ये ध्वनिमुद्रित केली. मुलं कुठे सुराच्या खाली जातात, झांजा भलत्या जागी पडतात, आणि तरी ऐकताना अंगावर काटा येतो. 2001 मध्ये ते 'इनोसन्स अँड डिस्पेअर' या नावाने बाहेर आलं. त्यात डेव्हिड बोवीचं 'स्पेस ऑडिटी' आहे, ते आधी ऐका.

आपल्याकडचा म्हणाल तर गुलजारांचा 1972 चा 'परिचय'. कडक आजोबा प्राण, उनाड नातवंडं, आणि जितेंद्र मास्तर. संगीत राहुल देव बर्मन यांचं. 'सारे के सारे' गाण्यात मुलांना स्वर शिकवायची पद्धत बघा. 'बीती ना बिताई रैना'साठी लताबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तर ते गाणं मुलांना झोपायच्या आधी ऐकवा. 'द साउंड ऑफ म्युझिक' तुम्ही पाहिलाच असेल.

प्रश्न : लेकीकडे न्यू जर्सीला आले होते, तेव्हा नातीच्या शाळेने याच नावाचं संगीत नाटक केलं. हे सिनेमावरूनच का? (एक आजी, मूळच्या डोंबिवलीच्या)

हो आजी, सिनेमावरूनच. अँड्र्यू लॉइड वेबर यांनी त्याचं संगीत नाटक केलं, 2015 च्या डिसेंबरमध्ये ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर उघडलं. त्यातही मुलं स्टेजवर प्रत्यक्ष वाजवतात. विशेष म्हणजे ब्रॉडवेवर येण्याआधीच शाळांना ते करायची परवानगी खुली केली होती, म्हणून इतक्या शाळा ते करतात. नात काय वाजवत होती ते लिहिलं नाहीत तुम्ही, जरूर कळवा!

प्रश्न : सिनेमा बघून झाला, मुलं पेटली आहेत. आता त्यांना ऐकवू काय? (छत्रपती संभाजीनगरहून एक मावशी)

ड्यूईने दिलेला गृहपाठच द्या. तो प्रत्येकाच्या हातात एकेक सीडी देतो, आणि प्रत्येकाची वेगळी. मी हे माझ्या वर्गात उचललंय, सगळ्यांना एकच गाणं देत नाही. झॅकला तो जिमी हेन्ड्रिक्स या गिटारवाल्याची सीडी देतो. ड्रमवाल्या फ्रेडीला रश या कॅनडाच्या बँडचा 1976 चा '2112', नील पिअर्टचे ड्रम ऐकायला. लॉरेन्सला येस या बँडचा 1971 चा 'फ्रॅजाइल', त्यातलं 'राउंडअबाउट' हे साडेआठ मिनिटांचं गाणं, रिक वेकमनच्या कीबोर्डसाठी. गाणाऱ्या मुलींपैकी एकीला पिंक फ्लॉइड या बँडचा 1973 चा 'डार्क साइड ऑफ द मून', आणि त्यातलं 'द ग्रेट गिग इन द स्काय'.

मला विचाराल तर मावशी, या शेवटच्यापासून सुरुवात करा. क्लेअर टोरी नावाच्या गायिकेने ते गायलंय आणि त्यात गायला शब्दच नाहीत, सगळा आवाजाचाच खेळ. इंग्रजी कळत नाही म्हणून मुलं अडत नाहीत. ऐकून झाल्यावर त्यांना किशोरी आमोणकरांचा एखादा आलाप लावून द्या आणि विचारा, दोघींचा आवाज कुठे चढतो, कुठे थांबतो, श्वास कुठे घेतात. माझ्या सहावीच्या मुलांनी फळ्यावर दोघींच्या दोन रेघा काढल्या होत्या, चढत्या-उतरत्या. तुमच्याकडच्या मुलांनी काढल्या तर फोटो काढून पाठवा, पुढच्या अंकात छापू.